गेटवरची मावशी

आई, दुपारपासून मागण्यांचा कागद तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. चौथा घेतला तर त्यावर तुलाच लिहायला बसले. उद्या सकाळी दहाला चाकणच्या एका कंपनीत गेटवरच्या गार्डांच्या मागण्यांवर सह्या व्हायच्या आहेत, आणि सह्या करणाऱ्यांत मी आहे. मघाशी चहा ठेवला तो उतू गेला. सांगवीच्या या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालून पाय दुखले, तरी बसवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बूड टेकव की गं एका जागी." तूच म्हणायचंस ते! उभ्या आयुष्यात गेटवर जिला कुणी बूड टेकू दिलं नाही, तिनं.

झालं काय ते सांगते. नोकरी सोडल्यापासून मी गार्डांसाठी धावपळ करते, म्हणजे जेवढी जमते तेवढी. या कंपनीच्या गेटवर सात बायका आणि बारा पुरुष आहेत. त्यांच्याशी बोलून तीन मागण्या लिहिल्या. पहिली, गार्डला त्याच्या नावानं हाक मारा, छातीवर नावाची पट्टी द्या. ए सिक्युरिटी, ओ वॉचमन, ओ मावशी बंद. दुसरी, बसायला खुर्ची. तिसरी, गेटजवळ बायकांसाठी संडास-बाथरूम, आणि तिकडे जाताना जागेवर उभं राहायला बदली माणूस. शुक्रवारच्या बैठकीत साहेबांनी कागद हातात घेतला, पहिली मागणी वाचली आणि त्यांचा चेहरा असा खुलला की माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकायला हवी होती. "मॅडम, तुमची मुख्य मागणी मान्य! नावाची पट्टी देऊ. शिवाय कंपनीच्या वर्धापनदिनी सगळ्या गार्डांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू. बाकीचं पुढच्या वेळी बघू." मुख्य मागणी. मुख्य कशावरून, तर मी ती पहिली लिहिली म्हणून. एकोणीस माणसांच्या पायांचा प्रश्न मी घेऊन गेले आणि नारळ घेऊन परत आले.

बाहेर आल्यावर गेटवरची एक बाई, आपल्या कुरुळी गावचीच आहे, मला म्हणाली, "ताई, राग मानू नका. पन मावशी म्हनलं म्हनून आमच्या अंगाला भोकं पडत न्हाईत. आमाला बसायला काय तरी बघा. नावाचं एवढं काय लावून धरलंय तुमी?" मी तिला मानसन्मानावर चांगलं दहा मिनिटं भाषण दिलं. तिनं ऐकून घेतलं. तेवढ्यात ट्रक आला आणि ती बॅरिअर उचलायला गेली. आई, तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मी दिलं नाही.

तुझा युनिफॉर्म आठवतो. कुरुळीतून निघताना अंगावर नऊवारी आणि पिशवीत घडी घातलेली पँट-शर्ट. कपडे कंपनीच्या गेटवरच्या केबिनमध्ये बदलायचीस, गावानं नावं ठेवू नयेत म्हणून. बूट पुरुषांच्या मापाचे मिळालेले, पुढं चिंध्या कोंबून घालायचीस. एकदा तुझी टोपी घालून मी आरशासमोर सॅल्यूट ठोकत नाचत होते, तर पाठीत धपाटा बसला. "ती खेळायची वस्तू न्हाई. ठिव खाली." आणि खंडेनवमीला काय केलं होतंस! कंपनीत त्या दिवशी एकूणएक मशीनला झेंडूच्या माळा घातलेल्या, कामगारांना मिठाईचे पुडे. गार्ड कंत्राटी, म्हणून गेटपर्यंत पुडा आला नाही आणि बॅरिअरला फूलही नाही. तू घरी आलीस, देव्हाऱ्यापुढं विळा आणि कोयता मांडला होता, त्यांच्या शेजारी खिशातली शिट्टी काढून ठेवलीस आणि तिला हळदकुंकू लावलंस. मी हसले. तू म्हणालीस, "हसतीस काय? जिच्यावर पोट हाय तिची पूजा." दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या भोकात कुंकू अडकलं होतं आणि ती नीट वाजेना, तेव्हा मात्र तूही हसलीस.

पहिल्या वर्षी केबिनमध्ये एक खुर्ची होती म्हणे. बसलं की डुलकी लागते, असं सांगून सुपरवायझरनं ती उचलून नेली. मग तू भिंतीला पाठ टेकवायचीस, तीही गाडी दिसेपर्यंत. बाथरूम पार आत, मशीन शॉपच्या पलीकडं. जागा सोडली तर बोलणी बसायची, म्हणून पाणीच प्यायची नाहीस. शेवटी शेवटी डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? तू शाळेतल्या पोरीसारखी खाली बघून म्हणालीस, "ड्युटीवर असले की न्हाई पीत." डॉक्टर तुला रागावले. त्यांनी रागवायला हवं होतं ते दुसऱ्यांवर, आणि तोवर तुझ्या किडन्यांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरी पहिली मागणी मी नावाची लिहिली, कारण तो दिवस माझ्या मानगुटीवरून उतरत नाही. डिप्लोमा झाला, तुझ्याच कंपनीत मी अप्रेंटिस लागले. पहिल्या दिवशी तू पहाटे उठून माझा डबा केलास, भेंडी आणि दोन भाकरी, आणि फर्स्ट शिफ्टला पुढं निघून गेलीस. मी कंपनीच्या बसनं आले, बरोबर पिंपरी-चिंचवडच्या तिघी जणी, गॉगलवाल्या. बायकांच्या रांगेला तू उभी आहेस. पँट-शर्ट कडक इस्त्रीचा, टोपी सरळ. बॅगा तपासतेस, डबे उघडून बघतेस. रोजच्या बायकांशी तुझ्या गप्पा चाललेल्या, "आज बी बटाटाच व्हय गं?" माझ्यापुढची मुलगी करवादते, "मावशी, लवकर करा ना, उशीर होतोय." मग माझा नंबर येतो. तू माझ्याकडं बघतेस, तुझ्या ओठांवर हसू यायला लागलंय, आणि मी त्या तिघींच्या देखत म्हणते, "मावशी, माझी पण बॅग बघा पटकन."

तू बॅग बघितलीस. डबा काढलास, तुझ्याच हातानं पहाटे भरलेला, झाकण उघडलंस, आत बघितलंस, पुन्हा नीट दाबून बसवलंस. "चला मॅडम, पुढं." संध्याकाळी घरी फक्त एवढंच विचारलंस, "डबा पुरला का?" पुढं वर्षभर तू मला गेटवर मॅडमच म्हणत राहिलीस. एकदाही चुकली नाहीस. मला वाटायचं, तू माझी लाज झाकतेस. आता वाटतं, तू रागावली होतीस, आणि तसं असलं तर मला बरंच वाटेल.

तर आता ठरवलंय. खुर्ची पहिली, बाथरूम आणि बदली माणूस दुसरी. नाव सगळ्यात शेवटी, आणि साहेब म्हणाले की यातलं एक सोडा, तर नाव सोडायचं. शाल-श्रीफळावर सही करायची नाही. माझ्या मनाला टोचणी आहे, तिची परतफेड सात बायकांनी उभं राहून का करावी? हे लिहायला सोपं आहे. पण नावाच्या मागणीवर रेघ ओढायला पेन टेकवलं की हात अडतो, म्हणून तर तीन कागद गेले. आणि गंमत बघ, नावासाठी एवढी भांडणारी मी, या अख्ख्या पत्रात तुझं नाव मीही लिहिलेलं नाही. आईला कुणी नावानं हाक मारत नाही, ही माझी सबब.

एक राहिलं. तुझ्याबरोबर गेटवर असणारा एक गार्ड आता या कंपनीत आहे, पार म्हातारा झालाय. काल तो भेटला आणि सांगायला लागला, "तुमच्या आईनं त्या दिवशी पेढे आनले व्हते. माझी लेक साहेब हून येनार म्हनून सकाळपास्नं समद्यांना सांगत व्हती. बस आली, पोरी आत गेल्या, मी इचारलं, यातली तुमची कोनती? तर म्हनली, न्हाई आली, अजून यायची हाय. पेढ्याचा पुडा तसाच पिशवीत. तुमी त्या दिवशी कोनत्या गेटनं आत गेलावता?"

मी म्हणाले, "मागच्या."