तांबडी डेलिया

ओर्ला पोरी,

चहा किटलीत आहे, सोडा-ब्रेड फडक्याखाली. उपाशी निघू नकोस.

मी शेतातल्या वाटेनं पुढे गेलेय. चर्चला निघालेल्या नवरीला तांबड्या केसांची बाई भेटली की अपशकुन. काल तुझी सासू मला बघून क्रुसाची खूण करत होती! अगं, केस पांढरे होऊन किती वर्षं झाली, पण अख्ख्या क्लेअर परगण्याला मी अजून तांबडी डेलियाच. उद्या तुमचं काही बिनसलं तर खापर माझ्यावर नको. तू आत गेलीस की मागच्या बाकावर येऊन बसेन. वळून बघू नकोस.

आज लग्नात पाऊस नको म्हणून रीतीप्रमाणे बाळ येशूची मूर्ती रात्री कुंपणाच्या झुडपाखाली ठेवली होती. ती तेवढी आठवणीनं घरात घे. तिलाही बाहेर गारठायला होत असेल.

मावशी