प्रत्येक वस्तूला टॅग

४ जानेवारी
आजपासून रोज लिहायचं. वही नवी, पेन नवं, मीही जवळजवळ नवा.
दुकानातलं आणखी एक ड्रिल मशीन बेपत्ता. आम्ही दोघे भाऊ बांधकामाची अवजारं भाड्याने देतो. ड्रिल, पंप, जनरेटर, मचाणाच्या नळ्या. कुठलं काय कुठे आहे, हे विचारलं की दादा म्हणतो, "असेल रे कुठेतरी. येईल."
धंदा असा चालत नाही. ठराव: प्रत्येक वस्तूला ॲसेट टॅग. नंबर, बारकोड, मोबाइलने स्कॅन केलं की खेळ खलास. दादाला सांगितलं. म्हणाला, "कर तुला काय करायचंय ते, छोट्या." म्हणजे पूर्ण पाठिंबा.

९ जानेवारी
कागदी स्टिकर आले. बायको म्हणाली, "अहो, ही अवजारं चिखलात लोळतात. कागद कसा टिकेल?" तिला टेक्नॉलॉजीचा गंध नाही. दिवसभर चिकटवले. दुकान शोरूमसारखं दिसतंय.

१५ जानेवारी
काँक्रीटचा मिक्सर परत आला. स्टिकर नाही.
जनरेटर परत आला. स्टिकर आहे, पण मी तो सायलेन्सरवर लावला होता. आता नुसता काळा डाग आहे. दुकानातला हेल्पर तो बोटाने खरवडत होता. स्टिकरची क्वालिटी हल्ली राहिली नाही.

२१ जानेवारी
ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मागवल्या. नंबर आणि बारकोड कोरलेले, रिव्हेट मारून बसवायच्या. पुढच्या पिढीपर्यंत टिकतील.
रिव्हेटसाठी ड्रिल हवं. आपली सगळी ड्रिल भाड्याने गेलेली. पलीकडच्या दुकानातून भाड्याने आणलं. दादाला बोललो नाही, उगाच हसला असता.

२४ जानेवारी, दुपार
सगळ्यांना पट्ट्या लागल्या. दादाच्या खुर्चीलाही. बसताना त्याची पँट अडकून फाटली. तरी हसलाच. म्हणाला, "आता मलाही एक नंबर दे." दादाला विनोदबुद्धी आहे, पण सिस्टिमचं गांभीर्य नाही.

२ फेब्रुवारी
पट्टीने फक्त वस्तूचं नाव कळतं, ठिकाण नाही. म्हणून महागड्या वस्तूंना ट्रॅकर. बटणाएवढा टॅग, वस्तू कुठे आहे ते मोबाइलच्या नकाशावर दिसतं. जनरेटरला लावला, मोठ्या पंपाला लावला. एक उरला, तो दादाच्या स्कूटरच्या सीटखाली. स्कूटर दुकानाच्या नावावर आहे, म्हणजे ॲसेटच. त्याला सांगायचं राहून गेलं.

११ फेब्रुवारी
विजय!
मोठा पंप भाड्याने दिल्याची कुठेच नोंद नाही, आणि नकाशा सांगतोय की पंप वहिनींच्या भावाच्या घरी. हेल्परला घेऊन थेट गेलो. त्यांच्या तळघरात पाणी भरलं होतं, पंप चालू होता, पाहुणेही आलेले. वहिनींचा भाऊ म्हणाला, "दादांनी दिलाय, संध्याकाळी पोचवतो." मी शांतपणे समजावलं, "व्यक्तिगत काही नाही, सिस्टिम आहे." पंप बंद करून गाडीत टाकला.
घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. दादा ताटावरून उठून वर गेला. भारावला असावा.

१२ फेब्रुवारी
वहिनी जेवायला खाली आल्या नाहीत. उपास असेल.

१६ फेब्रुवारी
स्कूटर पंक्चर झाली. मेकॅनिकने पाना काढायला सीट उघडली आणि टॅग दादाच्या हातात दिला. दादाने आणून माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हणालो, "अरे, चोरीला गेली तर सापडायला नको का?" तो म्हणाला, "कोण चोरणार होतं? मी?"
आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द सुनावता आले असते.
ठराव: यापुढे टॅग लावण्याआधी एका शब्दाने विचारायचं.

२० फेब्रुवारी
वहिनींनी वरच्या मजल्यावर वेगळा गॅस मांडला. बायको म्हणाली, "हे लक्षण बरं नाही. जा, माफी मागा." मी म्हणालो, "कशाची? उलट स्वयंपाकघर ऐसपैस झालं." ती उठून गेली. ओटा खरंच मोठा दिसतो. जेवताना कुणाचा आवाज नसतो, त्यामुळे बातम्या नीट ऐकू येतात.

१ मार्च
आनंदाची बातमी. दादाने आपण होऊन विचारलं, "सगळ्या वस्तूंना नंबर लागले ना? एकही राहिली नाही ना?" अखेर किंमत कळली! अकाउंटंटही येऊन बसला होता. दार लोटून दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. मला वाटतं, मला कारभारी करून दादा आता विश्रांती घेणार. नवी पाटी कशी असावी याचा विचार करून ठेवला आहे.
बायकोला पाटीचं सांगितलं. तिने डोळ्यांना पदर लावला. आनंदाने असेल.

७ मार्च
वाटणी झाली.
दादा म्हणाला, "तुझ्यामुळे काम सोपं झालं. सम नंबर तुझे, विषम माझे. भांडायला जागाच नाही." अकाउंटंट म्हणाला, इतकी सुरळीत वाटणी त्याने पाहिली नाही. हेल्पर स्कॅन करत होता, मोबाइल टुंग टुंग वाजत होता, वस्तू डावी-उजवीकडे जात होत्या. एकही अडली नाही. सिस्टिम उत्तम चालली.
पंप दादाकडे, पाइप माझ्याकडे. जनरेटर माझ्याकडे, केबल दादाकडे. मचाणाच्या नळ्या अर्ध्या-अर्ध्या.
मध्येच मी ड्रिल उचललं. पहिल्यांदा ड्रिल धरलं तेव्हा मी सातवीत होतो. भिंत हादरली, मी घाबरलो, आणि दादाने मागून माझे दोन्ही हात धरले. "सोडू नको, मी आहे." हे त्याला सांगावं म्हणून वळलो. हेल्परने माझ्या हातातून ड्रिल घेतलं, स्कॅन केलं आणि म्हणाला, "विषम."

९ मार्च
दादाचं बिऱ्हाड हललं. जाताना वहिनी बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. मी टेम्पोला दोर बांधून दिला. गाठ पक्की बसली. दादा म्हणाला, "येतो." मी म्हणालो, "ये." इतकंच. दोन-चार महिन्यांत कंटाळून परत येईल. वरचा मजला झाडून ठेवायला सांगितला आहे.

३० मार्च
वरचा मजला झाडून होतो. रोज.
फोन करणार होतो. आधी तो करेल असं वाटलं. मोठा तो आहे.

१८ एप्रिल
एका ठेकेदाराला दोन मजली मचाण हवं आहे. माझ्याकडे एका मजल्यापुरत्या नळ्या. बायको म्हणाली, "भावाकडे जा. बहाणा तरी मिळाला." मी म्हणालो, बहाणा कशाला, धंद्याचं काम आहे. इस्त्रीचा शर्ट घातला.
दादाचं नवं दुकान लहान आहे, पण टापटीप. तो खाली मान घालून पावती लिहीत होता. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. केस बरेच पिकलेत. घरी कुणी लक्ष देत नाही का, असं विचारणार होतो. रस्ताभर आणखीही बरंच ठरवलं होतं. पंपाचंसुद्धा.
त्याने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. नीट पाहिलं.
"या, बसा," तो म्हणाला. "काय हवंय आपल्याला?"
माझ्यामागून कुणी गिऱ्हाईक आलं असेल म्हणून मी वळलो. दारात कुणी नव्हतं.
बसलो.