पहिल्या पराचा तुकडा

तोक्यो, ८ नोव्हेंबर १९८६

चि. तोयोको हीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र पोचले. कागदाला माशाचा वास होता, त्यामुळे पाकीट उघडण्यापूर्वीच मजकुराचा अंदाज आला.

आता कामाचे. वडील जाऊन दीड वर्ष झाले. गेल्या वर्षअखेरीस वर्षभराचे सुतक चालू असल्याने मुराकामी गावच्या घरी सॅमनचे ताट मांडले गेले नाही. त्यामुळे त्या ताटाचा मान कुणाचा, हा प्रश्नही उद्भवला नाही. यंदा तो उद्भवतो. डोक्याखालच्या पहिल्या पराचा, म्हणजे कल्ल्यालगतच्या पंखाचा, तुकडा घरच्या कर्त्याला वाढायचा असतो, आणि थोरला मुलगा मी आहे. मी व किमिए ३० डिसेंबरला पोचतो. मासा नर असावा. चार किलोंच्या खाली नसावा. पोट सलग चिरू नये, मध्ये दोन बोटे जागा जोडलेली राहावी; आणि मासा शेपटीने टांगावा. आपले गाव सामुराईंचे. पोट फाडून घेतलेला, गळफास लावलेला मासा आपल्या छताला शोभत नाही. हे तुला ठाऊक असेलच, तरी लिहून दिलेले बरे.

दुसरे, वडिलांची होडीतली जागा. नव्या वर्षात मच्छीमार मंडळ ती पुढे चालवायची का, असे कर्त्याला विचारील. मी नकार कळवणार आहे. सोडपत्र तयार आहे. पन्नाशीच्या बाईने बर्फाळ पाण्यात जाळे धरून उभे राहणे हा पराक्रम नसून हट्ट आहे.

प्रकृतीस जपावे, आणि आहे त्या लोभात घट होऊ देऊ नये.

तुझा दादा,
शिगेनोरी इसोबे


मुराकामी, १७ नोव्हेंबर

ती. दादास,
तोयोकोचा सा. न. वि. वि.

मासा नर असावा, हे कळवलंस, उपकार झाले. गेली तीस वर्षं मी बहुधा भोपळे खारवत होते.

तुझं पत्र होडीत आमच्या म्होरक्याला, गेनसाकूकाकांना, वाचून दाखवलं. दोन होड्यांमध्ये आमचं जाळं होतं, तिसरी होडी वरून पाणी बडवत मासे हाकत येत होती. एवढ्या गडबडीतही काकांनी विचारलं, की तोक्योची माणसं माशांनाही सूचना टपालानेच पाठवतात का गं?

थोरलेपणाचं म्हणशील तर ऐक. सॅमनचं बोटाएवढं पिल्लू वसंतात नदी सोडतं, चारेक वर्षं उत्तरेच्या समुद्रात हिंडतं आणि आपल्याच पाण्याचा वास धरून माघारी येतं. नदीत शिरलं की अन्नाला तोंड लावत नाही. चांदीसारखं अंग काळवंडतं, पट्टे उठतात, खड्यांवर घासून शेपूट झिजते, आणि पिढी मागे ठेवून ते संपतं. तू अठराव्या वर्षी नदी सोडलीस, त्याला छत्तीस वर्षं झाली. आता परत येणार, तोही जेवायला! मासा परत आला म्हणून पाट मागत नाही, दादा.

वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यांनी स्वतः मला होडीत उभं केलं. काका तीन दिवस फुगून बसले होते. चौथ्या दिवशी मी जाळं कसं धरते ते पाहिलं आणि आपला दोर माझ्या हाती दिला. ती जागा गेली तर माझ्याकडे काय उरेल? छताला आकडे असलेलं एक रिकामं घर. तुझं सोडपत्र म्हणजे मला नदीवरून उठवणं आहे, एवढं समजून लिही.

वहिनींना नमस्कार. लोभाचं वजन तू करशीलच. मी नुसता पाठवते.

तोयोको


तोक्यो, २६ नोव्हेंबर

चि. तोयोको हीस,
अ. उ. आ. वि. वि.

माशाचा दाखला वाचला. माशाला शिक्षण नाही, नोकरी नाही. परत येण्याखेरीज त्याला सुचणार काय?

खारवण्याच्या ज्या विद्येचा तू एवढा दरारा दाखवतेस, तिची परीक्षा घ्यावी म्हणून काल एक उत्तम नर आणला, मोजून मीठ चोळले. चार-पाच दिवसांनी धुऊन सज्जात टांगीन. ३० डिसेंबरला तोच घेऊन येतो. पहिल्या पराचा तुकडा त्याचाच वाढावा. मुराकामीत जन्मलेल्या हाताला शिकवणी लागत नाही.

उत्तराची घाई नाही. लोभ शाबूत ठेवावा.

शिगेनोरी


तोक्यो, १४ डिसेंबर

प्रिय तोयोकोवन्सं,
किमिएचा स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. माशाचं पोट ह्यांनी गळ्यापासून शेपटीपर्यंत एका दमात चिरलं. सुरी खाली ठेवल्यावर ध्यानात आलं. मग माझा शिवणाचा डबा मागितला आणि मधली दोन बोटं जागा काळ्या दोऱ्याने शिवून काढली. वर पट्टी लावून मोजलीसुद्धा.

इथे तुमच्यासारखा वारा कुठला? विजेचा पंखा लावला. इमारतीचा रखवालदार दोनदा वर आला, कुणाचं मांजर मेलंय का विचारायला. ह्यांनी त्याला सुनावलं, की तू मुराकामीचा नाहीस, तुला काय कळणार! शेवटी गुरुवारी मासा टाकावाच लागला. तेव्हापासून तिकडे यायचं नावच काढत नाहीत. ऑफिसचं काम निघालंय म्हणतात. निघालेलं नाही.

तुम्ही हसाल, मीही तोंडात रुमाल कोंबून हसले. पण चारचौघांत दोऱ्याचा विषय नको. एवढा लोभ माझ्यावर करा.

तुमची वहिनी,
किमिए


मुराकामी, १९ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा मासा इकडे आणू नकोस. माझ्या सात माशांच्या रांगेत शहरी पाहुण्याला आकडा नाही. हात हलवत ये, पण ये. पहिल्या पराचा तुकडा तुझ्याच ताटात वाढीन. रीत आहे, मी मोडणार नाही. ३१ला संध्याकाळी गेनसाकूकाका जेवायला आहेत. होडीबद्दल जे सांगायचं ते त्यांच्या तोंडावर सांग, पाकिटातून नको.

लोभ इथे आल्यावर मागून घ्यावा.

तोयोको


तोक्यो, ५ जानेवारी १९८७

चि. तोयोको हीस,
अ. उ. आ. वि. वि.

३१ तारखेच्या संध्याकाळचा विपर्यास होऊ नये म्हणून लिहितो. तू वाढलेला तुकडा फार खारट होता. माझ्या रक्तदाबाला तसले चालत नाही, म्हणून ताट तुझ्यापुढे सरकवले. त्यामागे अन्य हेतू नव्हता. त्यावर गेनसाकूकाकांनी गुडघ्यांवर हात टेकून तुला वाकून नमस्कार केला, हा त्यांचा अडाणीपणा. इसोबेंच्या घरात आता कर्ती बाई आहे, असे ते एव्हाना गावभर सांगत असणार. बोभाटा पुसता येत नाही. सबब मंडळाच्या अर्जावर कर्त्याच्या रकान्यात तुझे नाव घातले आहे. अर्ज सोबत आहे. सही मुदतीत कर आणि रेघेच्या वर कर. सोडपत्र फाडले.

तुझ्या हातांच्या भेगा पाहिल्या. मलम पाठवतो, दिवसातून दोनदा लावायचे, एकदा नव्हे.

लोभ पूर्ववत.

शिगेनोरी


मुराकामी, ११ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सही केली, रेघेच्या वर. मलम पोचलं. त्याचा वास माशापेक्षा वाईट आहे, लावते आहे.

तो तुकडा मी कातडीसकट संपवला. मीठ बेताचं होतं. आणि दादा, जेवायची काडीसुद्धा न लावता तुकडा खारट आहे हे तुला कसं रे कळलं?

लोभ असू दे. आता तो कर्तीचा हुकूम समज.

तोयोको