पट्टीखालचं जाळं

बा, तू गेलास त्या वयापेक्षा मी आता म्हातारा झालोय आणि पायाच्या एका जखमेला भिऊन बसलोय. साखर आहे मला. करंजाड्यात मुलाकडे राहतो. चप्पल घासून तळव्याला एवढासा फोड आला, फुटला, आणि तीन महिने झाले तरी भरत नाही. एक बोट आधीच कापलंय. आता हे असंच राहिलं तर पाऊल जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय.

त्यांचा दवाखाना नवीन पनवेलला. नातीच्या वयाची पोर, पण मी सातवीत शाळा सोडलेला म्हणून तिने कागदावर काढून दाखवलं. म्हणाली, "आजोबा, शरीरात नुसत्या पेशी नसतात. त्यांच्या मधल्या जागेत बारीक धाग्यांचं जाळं असतं, आणि पाणी धरून ठेवणारा चिकट रस. कातडी ताणली तरी फाटत नाही, ती त्या जाळ्यामुळे. पेशी त्याला धरून राहतात, त्यावरूनच पुढे सरकतात. कुठे जायचं, कधी वाढायचं, हेही त्यांना तिथूनच कळतं. जखमेत आधी कच्चं जाळं विणलं जातं, मग सावकाश पक्कं. तुमचं कच्चंच पुन्हा पुन्हा तुटतंय. घरी पट्टी कोण करतं?"

मी सोबत आलेल्या सूनबाईकडे बघितलं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "भिजवत नाही का हो तुम्ही? सुकी ओढून काढता?" सून म्हणाली, "आता जपून करीन."

बा, पट्टी मीच ओढत होतो. सून दर तीन दिवसांनी नीट भिजवून बदलायची. ती कामावर गेली की मी बाथरूममध्ये बसून रोज उघडून बघायचो. सवय तुझीच. खाडीवरून आलं की गव्हाण गावच्या आपल्या अंगणात तू जाळं पसरायचास आणि वीत वीत हाताखालून घालायचास. एकदा मी न बघताच गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी बरीच मासळी भोकातून निघून गेली. तू मारलं नाहीस. "हात फिरवल्याबिगर जाल्यावर भरवसा ठेवायचा नाय," एवढंच म्हणालास आणि स्वतःच्या ताटातली माशाची तुकडी माझ्या भातावर ठेवलीस. तेव्हापासून मी कशावरच भरवसा ठेवला नाही. गॅसचं बटण, दाराची कडी, सगळं दोनदा बघतो. पण तुझं जाळं विणून झालेलं असायचं रे. हे अजून विणलं जातंय, आणि मी त्यात बोट घालून बघतोय.

चार दिवस घास गोड लागला नाही. परवा सून पट्टी बदलायला बसली तेव्हा सांगून टाकलं.

तिने वर न बघता म्हटलं, "ठाऊक आहे, पप्पा. सोडताना दर वेळी तुमची ती जाळ्याची गाठ सापडते. मला कुठे तशी मारता येते?"

"मग दवाखान्यात बोलली का नाहीस?"

"तुम्हाला बोलल्या असत्या तर तुम्ही परत पायरी चढला असतात का?" मग जखमेकडे बघत म्हणाली, "कडेला कोवळं लाल मांस धरतंय थोडं. चांगलं असेल. आता तीन दिवस हात लावाल तर बाथरूमची कडीच काढून टाकीन."

उद्या तिसरा दिवस. हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मलाही कळतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून लिहीत बसलोय. मघाशी दोनदा हात पट्टीपर्यंत गेला होता.