मस्कतच्या अजानीवर सोडलेला रोजा

अब्बा,

हैमाच्या रस्त्यावरचं ते मलबारी हॉटेल बंद झालं. बरक्याहून सलालाला भाजी नेणाऱ्या ट्रकवाल्याने आज फोनवर तसं सांगितलं आणि मी ते यादीतून काढलं. मस्कत सोडून वाळवंटाकडे निघालेल्या माणसाने कुठे जेवावं, ही यादी मी अजून दरवर्षी मासिकासाठी करते. पहिल्या यादीसाठी तुम्हीच मला मस्कतमधल्या रुवीहून गाडीने नेलं होतं. थंडीतला रमजान होता आणि मजकूर दोन दिवसांत द्यायचा होता. तुमच्या शुगरमुळे डॉक्टरांनी रोजा नको म्हटलं होतं, म्हणून मी काही विचारलंच नाही. वाटेतलं आदम गाव मागे पडल्यावर तुम्ही रेडिओ लावत म्हणालात, "मस्कतची अजान मस्कतवाल्यांची. इथं सूर्य दहा-बारा मिनिटं मागनं बुडतो. नवीन ड्रायव्हर रेडिओवर रोजा सोडतात नि फुकट घालवतात." तेव्हा मला कळलं, तुम्ही रोज्याने आहात.

त्या मलबारी हॉटेलपाशी पोचलो तर शटर खाली. चारला पार्सल सुरू करतो, असं मालक फोनवर म्हणाला होता. "लिही तुझ्या यादीत," तुम्ही म्हणालात, "मालक झोपलेला, ड्रायव्हर उपाशी." पण हसताना तुमची जीभ जड झाली. धुळीने आभाळ पिवळं झालंय, सूर्य कुठे आहे ते दिसत नाही. एवढ्या थंडीत तुमचा सदरा घामाने पाठीला चिकटलाय. किल्ली हातातून दोनदा पडते. मी खजुरांचा डबा पुढे धरते.

"अब्बा, प्रवासात सूट असते."

"सूट आहे गो, सक्ती नाय. थोडंच राहिलंय."

"तुम्हाला काही झालं तर मी आईला काय सांगू?"

"सांग, यादी वेळेवर दिली."

मग तुम्ही डोळे मिटलेत. मी दोनदा हाक मारली तरी ओ नाही. तेवढ्यात रेडिओवर अजान सुरू झाली. मस्कतची. मी आवाज वाढवला, तुमचा खांदा हलवला आणि म्हटलं, "वेळ झाली, अब्बा." तुम्ही विचारलं नाहीत, कुठली वेळ. बिस्मिल्ला म्हणून खजूर तोंडात घातलात, मग दुसरा, मग माझ्या हातातलं सरबत. घाम ओसरला, नजर जाग्यावर आली. मी श्वास सोडला, तोच पेट्रोल पंपामागच्या मशिदीतून तिथली अजान आली. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. "हा बांगी आज उशिरा उठला वाटतं," म्हणालात, आणि गाडी सुरू केलीत. पुढच्या वर्षीचा रमजान तुम्ही पाहिला नाहीत.

तुम्हाला तेव्हाच कळलं होतं की नाही, हे मला कधी विचारता आलं नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही. गावच्या मौलवींना मात्र परवा, दुसऱ्याच कुणाची गोष्ट आहे असं भासवून, विचारलं. ते म्हणाले, गेलेल्या बापाचा राहिलेला रोजा लेकीने धरला तर चालतो. ईद झाली की तुमचा तो एक रोजा मी धरणार आहे.