तुबाच्या गळ्यातली आग

३ मेहेर
भर दुपारी तुबा आली. मागचं दार लावून घेतलं आणि मुठीतलं काहीतरी माझ्या हातात कोंबलं. सोन्याचं नाणं, वर डाख देऊन बसवलेली कडी, तीत ओवलेला दोरा. अजून अंगाच्या उबेनं कोमट!

चाळीस वर्षांचा शेजार आमचा. तिच्या गळ्यात ताईत आहे एवढंच मला ठाऊक. आज नातीला उचलायला वाकली, नाणं बाहेर आलं आणि याह्यानं — तिच्या जावयानं — पाहिलं. 'आगीची पूजा गळ्यात बांधून नमाज पढता? माझ्या घरात हे नको!'

'तुझ्याकडे ठेव, मोरवारीद,' म्हणाली. 'तुम्हा जरथुस्त्री लोकांना कुठे आगीचं वावडं!'

हसलो दोघी. मग ती रडली.

४ मेहेर
अंगणात उन्हात धरून पाहिलं. एका बाजूला राजा, मुकुटावर चंद्रकोर. दुसरीकडे वेदी, वर ज्वाळा, दोन्ही अंगांना एकेक राखणदार. आमच्या अग्यारीतला अग्नीच की! अरब यायच्या आधीचं नाणं. राखणदारांची तोंडं झिजून सपाट झालीत. किती जणींच्या छातीवर घासली असतील?

'आलं कुठून हे?' तुबाला विचारलं. 'होतं घरात,' म्हणे.

११ मेहेर
तिचा हात सारखा गळ्याकडे जातो. रिकामाच खाली येतो. बघवत नाही.

१९ मेहेर
तुबाला हृदयाचा झटका! डाळिंबाचा रस घेऊन इस्पितळात गेले. याह्या दारातच — दाढी वाढलेली, डोळे लाल. 'सारखा गळा चाचपतात, खानम. काय हवंय ते सांगत नाहीत.'

मला ठाऊक होतं. पण जीभच रेटेना. माझ्यामुळे त्यांच्या घरात पुन्हा भांडण नको. तशीच परतले.

२० मेहेर
नाही राहवलं. सकाळीच जाऊन याह्याच्या तळहातावर नाणं ठेवलं. 'हे हवंय तिला. फेकायचं तर माझ्यासमोर फेक!'

त्यानं नाणं मुठीत मिटलं. 'मी घाबरलो हो, खानम. लोक काय म्हणतील, उद्या मुलीला शाळेत कोणी —' वाक्य तिथेच सोडलं. आत गेला. काचेतून दिसत होतं — स्वतःच तिच्या गळ्यात दोरा बांधत होता. गाठ काही बसेना.

२२ मेहेर
तुबा आज बोलली. मला जवळ ओढून म्हणाली, 'माझी आजी गोहर तुमच्यातली. आजोबांशी लग्न करायला धर्म सोडला. तिची आई लग्नाला आली नाही, पण हे नाणं पाठवलं. कुणाला सांगू नकोस.'

वळले, तर मागे याह्या. सगळं ऐकलं होतं त्यानं!

पुढे आला, तिची उशी सारखी केली. 'आमच्या पोरीला हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? लवकर घरी चला, आई.'