देवाजीच्या टेबलावरचं रजिस्टर

३ सप्टेंबर, बुधवार

वरून पत्र आलं. लॉटरीच्या विक्रीवर नियंत्रण कसं ठेवावं, सूचना असल्यास कळवाव्यात. ऑफिसात सगळ्यांनी वाचल्यासारखं केलं आणि फाईलला लावलं. एकाच्या डोक्यात प्रकाश नाही. बावीस वर्षं कारकुनी केली, त्यातली नऊ अव्वल कारकून म्हणून, आणि माझ्या डोक्यावर कोण, तर कालची पोरगी, नायब तहसीलदार रामटेके मॅडम.

मॅडमना म्हटलं, हा विषय मी बघतो. त्या म्हणाल्या, घ्या निकुरेभाऊ, तुमची हौस आहे तर. हौस! बाईंना ठाऊक नाही, जिल्ह्यात लॉटरी तपासणी पथक होणार अशी माझी पक्की खबर आहे. पथक म्हटलं की प्रमुख आला. प्रमुख म्हटलं की जीप आली.

निर्धार : १. तालुका लॉटरीमुक्त. २. पथकप्रमुख. ३. चहा दिवसाला दोनच.

५ सप्टेंबर, शुक्रवार

बसस्टँडला गेलो. देवाजीचं टेबल पाहिलं. तीस वर्षांपासून हा माणूस तिथे सरकारी लॉटरीची तिकिटं विकतो. भोवती ही गर्दी. भाजीवाली गुणाबाई, ऑटोवाला बिरजू, झालंच तर धान संशोधन केंद्रातले दोन शिकलेले. दिवसभर राबायचं आणि कमाई कागदात घालायची. कीव करावी अशीही लायकी नाही.

देवाजी म्हणाला, बसा जी साहेब. लायसन दाखवलं, हिशेबाची वही दाखवली. सगळं नियमात निघालं. हेच संशयास्पद. इतकं नियमात कोण असतं?

एक तिकीट घेतलं. तपासणी म्हटली की नमुना लागतोच. दूध चाखल्याशिवाय पाणी कळत नाही.

चहा चार झाले. उन्हामुळे.

८ सप्टेंबर, सोमवार

नियमावलीचा मसुदा पूर्ण. एकूण बावीस नियम. नियम सहा : प्रत्येक गिऱ्हाइकाने रजिस्टरमध्ये नाव, कामधंदा, तिकिटांची संख्या लिहून सही करावी. नियम चौदा तर कळस आहे : महिन्याला तीसच्या वर तिकिटं घेणारा व्यसनी समजावा व त्याला पुढे एकही तिकीट देऊ नये, मग त्याने कितीही विनवणी केली तरी. शेवटचे शब्द खास माझे. असलं वाक्य मंत्रालयातही कोणाला सुचणार नाही.

घरी बायकोला, सरिताला, वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, ते सगळं ठीक आहे, नमुन्याचं काय झालं?

नमुना एका आकड्याने हुकला. फक्त नोंद म्हणून लिहितो.

१० सप्टेंबर, बुधवार

देवाजीच्या टेबलावर रजिस्टर ठेवलं. त्याने विचारलं, हा नियम लागू झाला का जी? म्हटलं, होईल. तो म्हणे, मंग झाल्यावर ठेवू ना साहेब. म्हटलं, तुला मी विचारत नाही, सांगतोय. प्रायोगिक तत्त्वावर. हे शब्द ऐकले की माणूस गप्प होतो, हा माझा अनुभव आहे.

बाजूला पुठ्ठ्याची पाटीही लावली : 'लॉटरी ही वाईट सवय आहे. घेण्याआधी विचार करा.' अक्षर माझंच, टपोरं.

पहिल्या ओळीत मीच सही केली, खाली हुद्दा. म्हणजे या अडाण्यांना सही कशी करतात ते कळेल. नमुने दोन.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सात सह्या. बिरजूने कामधंद्याच्या रकान्यात 'हाव', म्हणजे 'हो', असं लिहिलं. विचारलं तर म्हणतो, आहे ना जी धंदा, पण नीट नाई चालून राह्यला. गुणाबाईने तर तमाशाच केला. सही कायले जी, मी तिकीट घेऊन राह्यली, जमीन नाई, असं म्हणाली आणि तिकीट न घेता निघून गेली. जाताना पाटी मात्र अक्षर अक्षर लावून वाचत होती. साक्षरतेवर सरकारने एवढा खर्च केला, तो हिच्यासाठी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तीन दिवसांत एकाही गिऱ्हाइकाची सही नाही. प्रयोग यशस्वी! जे तीस वर्षांत कोणाला जमलं नाही ते मी नऊ दिवसांत केलं. वाईट सवय म्हणजे शेवटी काय, तर शिस्तीचा अभाव.

नमुने पाच. वेगवेगळ्या सिरीज तपासाव्या लागतात.

२७ सप्टेंबर, शनिवार

देवाजी सांगत होता, लोकांनी लॉटरी सोडली नाही, ते शेअर जीपने ब्रह्मपुरीला जाऊन घेतात. त्या रस्त्यावर मागच्याच आठवड्यात वाघ दिसला होता. म्हणजे हे लोक वाघ पत्करतात, पण सही पत्करत नाहीत. काय बोलणार.

मग म्हणाला, रजिस्टर उचला जी साहेब, माह्यं पोट आहे याच्यावर. आता एक तुम्हीच येता. नियम आला की हे लोक लगेच पोट पुढे करतात. त्याला म्हटलं, दुसरा धंदा बघ. तो तिकिटांवरची धूळ झटकत बसला.

नमुने सहा.

६ ऑक्टोबर, सोमवार

पहाटे स्वप्नात ४७ दिसला. स्वप्नांवर माझा काडीचा विश्वास नाही. परंतु लोक स्वप्नातले आकडे घेतात हे ऐकून होतो, त्याची शास्त्रीय पडताळणी व्हायला हवी. ४७ वर संपणारी नऊ तिकिटं देवाजीने शोधून दिली. तो आता सात शेवटी असलेली तिकिटं माझ्यासाठी बाजूलाच ठेवतो. संशोधनाला सहकार्य करतो म्हणायचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

शंभर रुपये लागले. सरकारचा पैसा, आपण घरी कसा न्यायचा? लगेच दहा नमुने घेऊन परत केला. ऑफिसात असा प्रामाणिक माणूस दाखवा.

घरी कटकट. सरिताला तांदळाच्या डब्यात नमुने सापडले. तिला समजावलं की हे ऑफिसचं रेकॉर्ड आहे, ओल लागू नये म्हणून तांदळात ठेवलं. ती म्हणे, ऑफिसचं रेकॉर्ड ऑफिसात ठेवा ना, माह्या तांदळात काऊन? बाईमाणसाला अभिलेख जतन कशाशी खातात ते सांगून उपयोग नाही. तुमच्यात अन् त्या गुणाबाईत फरक काय, असं म्हणून तिने मला गुणाबाईच्या रांगेत बसवलं, हे मात्र लागलं. गुणाबाई आशेपोटी घेते. मी अभ्यासासाठी घेतो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळी बंपरचे नमुने तीन. महाग आहेत, पण बंपर वगळून अहवाल पाठवला तर उद्या कोणी म्हणेल, निकुरेंनी वरवरचं काम केलं. फराळाच्या खर्चात थोडी कपात केली. चकली तशीही पित्तकारक.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

अहवाल, मसुदा आणि रजिस्टर मॅडमकडे सादर. शीर्षक : 'व्यसनमुक्त तालुका : एक यशोगाथा.' रजिस्टरची पानं उलटून पाहिली नाहीत. ते काम खालच्या लोकांचं.

जीपमध्ये पुढे बसायचं की मागे? प्रमुख पुढेच बसतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

मीटिंग झाली. लिहायला नको वाटतं.

मॅडम आधी म्हणाल्या, निकुरेभाऊंचा मसुदा छान आहे. मी कॉलर सारखी केली. मग म्हणाल्या, नियम सहा काढून टाकू, लोकांना विनाकारण त्रास होतो. पण चौदा एक नंबर आहे. तो आजपासूनच लावून बघू, प्रायोगिक तत्त्वावर. शब्द माझेच होते.

आणि रजिस्टर उघडलं. सप्टेंबरमध्ये नऊ नावं. ऑक्टोबरमध्ये एक. पानामागून पान एकच नाव, हुद्द्यासकट. मॅडम म्हणाल्या, अक्षर फार सुरेख आहे हो, वाचायला त्रास नाही. ऑक्टोबरची तिकिटं एकशे अठरा. मागे कोणीतरी चहात हसला. मी उठून सांगितलं की ते सगळे नमुने आहेत. त्यांनी शांतपणे विचारलं, नमुने घेण्याचा आदेश कुठाय भाऊ?

बावीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलो.

पथकाचा आदेशही आला. प्रमुख मॅडम. जीप त्यांना. मला व्यसनमुक्ती केंद्राच्या समुपदेशनाचं पत्र. माझ्याच सहीने आवक-जावकला चढवलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उद्या बंपरचा निकाल. शेवटचा एक नमुना घ्यावा म्हणून स्टँडवर गेलो. रजिस्टर गेल्यापासून टेबलाभोवती पूर्वीसारखी गर्दी. बिरजू होता, गुणाबाई होती. वाघाच्या रस्त्याने जाणारे सगळे परत आले होते.

माझी पाळी आली तसा देवाजी उभा राहिला. हात जोडले. तुम्हाले देता येत नाई जी साहेब, मॅडमचा कागद आला. म्हटलं, एकच दे. त्याने कागद काढून वाचला, बोट फिरवत, 'मग त्याने कितीही विनवणी केली तरी' इथपर्यंत. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

म्हटलं, देवाजीभाऊ, एकच. तीस वर्षांत त्याला भाऊ म्हणणारा मी पहिला सरकारी माणूस असेन.

त्याने कागदाची घडी घालून परत ठेवली.

मग गुणाबाईकडे दोनशे रुपये धरले, माझ्या वाटचं तूच घे म्हटलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. म्हणाली, वाईट सवय असते साहेब, तुम्हीच लिवलं ना. आणि स्वतःसाठी एक घेऊन गेली.

लाज वाटली. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

घरी आल्याबरोबर मसुदा काढला आणि लाल पेनाने नियम चौदा खोडला. चांगला दोनदा, ठळक. मग लक्षात आलं, ही माझी झेरॉक्स. मूळ प्रत मॅडमकडे आहे.